दोन सिंद्या, एक पिकअप

आमचा सोडा-वॉटरचा कारखाना होता असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चिमणी, भोंगा असं काहीतरी उभं राहतं. तसलं काही नव्हतं. सिंदीला रेल्वे स्टेशनापासून थोडं आत आमचं कवेलूंचं, म्हणजे कौलारू घर होतं, घरामागे पत्र्याची एक लांब खोली आणि त्या खोलीत हातानं फिरवायचं एक यंत्र. गॅसचं नळकांडं नागपूरहून रेल्वेनं यायचं. बाटल्या गोळीच्या, म्हणजे गळ्यात काचेची गोळी असलेल्या. अंगठ्यानं गोळी आत दाबली की फस्स असा आवाज व्हायचा आणि पोरं टाळ्या वाजवायची. साधा, लिंबाचा, आल्याचा आणि गुलाबी असे आमचे चार प्रकार. गुलाबीला खरं म्हणजे कसलीच वेगळी चव नव्हती, पण बाजारात सगळ्यांत आधी तोच संपायचा.

यंत्र दादा चालवायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. भरताना बाटली फुटून त्याचा डावा डोळा गेला होता. ते मी शाळेत असतानाचं. त्यानंतर तो आधीच कमी बोलायचा तो आणखी कमी बोलू लागला, पण यंत्र त्यानं सोडलं नाही. बाहेरचं सगळं वहिनी बघायची. बाटल्या धुऊन घेणं, रबरी कड्या बदलणं, कुठल्या बाजाराला किती खोकी जायची ते ठरवणं, दुकानदारांकडून रिकाम्या बाटल्या परत आणवणं. मी मॅट्रिक झालो होतो, तेवीस वर्षांचा होतो, नोकरीचे अर्ज टाकून उत्तराची वाट पाहत होतो, आणि तोवर बाजार करत होतो. आपण या घरातले शिकलेले, ही जाणीव मला फार होती.

तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होती. राजधानीची हवा आमच्या धंद्याला लागली ती एका उन्हाळ्यात. नागपूरकडचा एक व्यापारी मोटारीतून बाटल्या आणून सेलूच्या आणि केळझरच्या बाजारात विकू लागला. त्याचा सोडा आमच्यापेक्षा चांगला नव्हता, पण तो थंड असायचा. आम्हीही बर्फ आणायचो, नागपूरहूनच, भुशात आणि पोत्यात गुंडाळून. पण आमची बैलगाडी बाजारात पोचेपर्यंत पोत्यात बर्फाऐवजी ओला भुसा उरायचा. वर खाचखळग्यांनी बाटल्या फुटायच्या त्या वेगळ्याच. उन्हाळ्यातच आमचं वर्ष निघायचं. दोन बाजार हातचे गेले तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, आता मोटार पाह्यजे."

"मोटार घ्यायची? आपण?"

"घ्याची काऊन? भाड्यानं घेऊ. होळीपासून मिरगापर्यंत. पाऊस लागल्यावर सोडा कोण पिते?"

वर्ध्याला स्टेशनाजवळ एका गृहस्थांचा पेट्रोलपंप आणि गॅरेज होतं. पूर्वी त्यांच्या प्रवासी लॉऱ्या होत्या, त्या विकून त्यांनी दोन नव्याकोऱ्या छोट्या मोटारी घेतल्या होत्या. पुढे तिघांना बसायला जागा आणि मागे उघडा हौदा. आमच्याकडे कोणी तिला छोटा टरक म्हणे, कोणी हौद्याची मोटार. पिकअप हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्या गॅरेजातल्या मुनीमजींच्या तोंडून. त्या मोटारी ते महिन्याच्या भाड्यानं देतात असं कळलं, म्हणून पौष संपता संपता मी एकटाच वर्ध्याला गेलो. वहिनीला बरोबर घ्यावं असं मला वाटलं नाही. मोटारीचा सौदा म्हणजे पुरुषाचं आणि त्यातही शिकलेल्याचं काम, असं माझं मत होतं.

मालक साठीचे, अंगानं बारीक, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. सगळे त्यांना काकाजी म्हणत, म्हणून मीही म्हटलं. त्यांनी मला मोटार दाखवली. हिरवी होती. रंगाचा वास अजून गेला नव्हता. मी हौद्यात चढून पाहिलं, दार दोनदा उघडून लावलं, आणि मनातल्या मनात ती केळझरच्या बाजारात उभी केली. त्याच क्षणी सौद्यातली माझी अर्धी ताकद गेली असणार, पण ते मला कळायला वेळ लागला.

"महिन्याचे सव्वादोनशे," मुनीमजी म्हणाले. "ड्रायव्हर आमचा, पेट्रोल तुमचं. कुठले तुम्ही?"

"सिंदीचे."

"हां, सिंदीचे," काकाजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा मऊ झाला.

मी दीडशेपासून सुरुवात केली. घासाघीस बराच वेळ चालली. मध्ये चहा आला. मी एकदा उठून निघाल्यासारखंही केलं. असं करायचं असतं हे मी बाजारात पाहिलं होतं. शेवटी पावणेदोनशेवर जमलं. मुनीमजींनी कागद लिहायला घेतला. ते लिहिता लिहिता अटी मोठ्यानं वाचत होते. पाचशे मैल महिन्याला, त्यावर मैलामागे चार आणे, रात्री गाडी मालकाच्या गॅरेजात लावायची, वगैरे. मी मान डोलवत होतो. पन्नास रुपये कमी केले या आनंदात माझ्या कानात दुसरं काही शिरत नव्हतं. सही चार दिवसांनी, दादाची, असं ठरलं. मी वीस रुपये इसार दिला.

निघताना काकाजींनी ड्रायव्हरला हाक मारली. "अरे, याले सिंदीले सोडून दे. अर्ध्या घंट्यात वापस येजो, मले बाजारात जाचं आहे."

अर्ध्या तासात! वर्ध्याहून आमची सिंदी वीस-बावीस मैल. नुसतं जायलाच तास लागला असता. मी तसाच उभा राहिलो आणि मग उलगडा झाला. वर्ध्याला लागूनच दुसरी सिंदी आहे, सिंदी मेघे; आमची ती सिंदी रेल्वे. वर्ध्यातला माणूस नुसतं सिंदी म्हणाला की त्याच्या मनात तीच येते. काकाजींनी मोटार दिली होती ती शेजारच्या गावाला, पायी जाता येईल अशा ठिकाणी, रोज डोळ्यांसमोर राहील या हिशेबानं. म्हणून चेहरा मऊ झाला होता. म्हणूनच भाव उतरला होता.

मी ड्रायव्हरकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं आणि म्हणालो, "नको, काकाजी. मले स्टेशनावर काम आहे. मी जातो आपला."

खोटं काही बोललो नाही, असं मी पॅसेंजरमध्ये बसल्यावर स्वतःला सांगितलं. कागदावर 'सिंदी' लिहिलं होतं आणि मी सिंदीचाच होतो. सेलू रोड स्टेशन येईपर्यंत मला जरा कसंसंच वाटत होतं. तुळजापूर मागे टाकेपर्यंत ते जाऊन मी हुशार आहे असं वाटू लागलं. घरी पोचलो तो फुशारकी मारतच.

वहिनी अंगणात पाण्याच्या घमेल्यापाशी बसून बाटल्यांचे गळे ब्रशनं घासत होती. दादा यंत्राचं चाक पुसत होता. मी सगळी गोष्ट रंगवून सांगितली. अर्ध्या तासाचा भाग आला तेव्हा दादाच्या ओठाचा कोपरा हलला. वहिनी हसली नाही. तिनं हातातली बाटली पाण्यात ठेवली.

"कागद आणला का?"

"नक्कल आणली."

"वाचा बरं."

मी वाचला. मुनीमजींचं अक्षर चांगलं होतं. रात्री गाडी वर्ध्याच्या गॅरेजात लावायची, इथं ती म्हणाली, "थांबा. रोज?"

"रोज."

"म्हंजे रोज सांजी गाडी इथून वर्ध्याले जाईन आन सकाळी वापस येईन. रिकामी. पेट्रोल कोनाचं?"

मी ती ओळ पुन्हा वाचली.

दादा चाक पुसता पुसता म्हणाला, "जाऊन येऊन बेचाळीस मैल. बारा दिवसांत पाचशे मैल सरले. बाजार एकही न करता."

दादा एवढं बोलला म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी कागदाकडे पाहत राहिलो. आपण त्यांना फसवलं असं मी समजत होतो आणि त्या कागदानं बुडणार होतो आम्हीच. मग मी घाईघाईनं म्हणालो, "तेवढी अट बदलून घेऊ. गाडी इथंच ठेवतो म्हणू. बाकी काही बोलाचं नाई."

"आन त्यायनं इचारलं, काऊन? तं काय सांगान?"

"काहीतरी सांगू."

"भाऊजी," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आज ना उद्या त्यायले समजनच. मैल पाहून समजन, नाईतं ड्रायव्हर सांगन. आन समजन ते भर चैतात. तवा त्यायनं गाडी काढून नेली तं पाच बाजारांतल्या लोकायले काय तोंड दाखवाचं? आपण त्यायले सांगून बसलो राहू का थंड सोडा आणतो म्हणून. नाई, जे आहे ते सांगाचं. मी येते."

मला वाटलं ती येते म्हणजे तीच बोलेल. तसं मी स्टेशनावर म्हणूनही दाखवलं. ती म्हणाली, "मी काऊन? तुमी केलं, तुमीच सांगा. मी बाजूले बसतो."

वहिनी अशी कधी कधी 'बसतो' म्हणायची. निश्चय झाला की तिच्या बोलण्यात बाईमाणसाचं क्रियापद राहत नसे.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं काकाजींच्या पंपावर गेलो. मुनीमजींनी सहीसाठी कागद काढून ठेवला होता. वहिनी पदर सावरून भिंतीजवळच्या बाकावर बसली. मी उभाच राहिलो.

"काकाजी, एक सांगाचं आहे. आमी सिंदी मेघेचे नाई. सिंदी रेल्वेचे."

मुनीमजींची लेखणी थांबली. काकाजींनी चष्मा काढला.

"तुले हे कवा समजलं, का आमी दुसरी सिंदी समजून राह्यलो म्हणून?"

"त्याच दिवशी. तुमी अर्धा घंटा म्हणाले तवा."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. तरी मी म्हणालो, "स्वस्तात मिळून राह्यली होती म्हणून."

मुनीमजी संतापले. हिंदीत बरंच बोलले. सचोटी, जमाना, आजकालची शिकलेली पोरं, असं सगळं त्यात आलं. काकाजींनी कागद ओढून घेतला, चार तुकडे केले, गल्ल्यातून इसाराचे वीस रुपये काढले आणि माझ्यापुढे ठेवले. रागानं नव्हे. दुकानदार चुकीचा माल परत घेतो तसं.

मी पैसे उचलले. आता परत जायचं, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मोटार गेल्याच्या दुःखापेक्षा बोलून मोकळं झाल्याचं बरं वाटत होतं. पण वहिनी बाकावरून उठली नव्हती.

"काकाजी," ती म्हणाली, "एक इचारू का? गाडी रात्री इथंच पाह्यजे, असं काऊन ठेवलं तुमी?"

काकाजींनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "याच्या पहिले एकाले देल्ती गाडी. दिवसा लाकडं नेत होता, रात्री कोनाची तरी गिट्टी. मले माहीतच नाई. दोन महिन्यांत पाटे बसले गाडीचे." पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

"म्हंजे गाडी कुठी राह्यते याच्यापेक्षा रात्री कोन चालवते, याची चिंता आहे तुमाले."

"तसंच समज."

"मंग चाबी ड्रायव्हरजवळ राहू द्या. ड्रायव्हर आमच्या घरी राहीन. जेवण आमच्याकडे, बाज देऊ, गाडी अंगणात त्याच्या बाजेजवळ. तुमचा माणूस तुमच्या गाडीपाशी. आमी हात लावला तं तो सांगनच तुमाले."

काकाजी मिशीवरून बोट फिरवत राहिले. मुनीमजी म्हणाले, "इतक्या लांब गाडी ठेवायची तर अडीचशे पडतील."

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं.

"पैशाचं मंग बोलू," ती म्हणाली. "आमचे बाजार पाच वार. दोन वार गाडी आमच्या अंगणात उभी राहीन. उभ्या गाडीचं भाडं आमी काऊन द्यावं, आन उभी गाडी तुमाले तरी काय कामाची? आमच्या स्टेशनाजवळच्या कापसाच्या जिनातून सरकी निघते, वर्ध्याले येते. बैलगाडीवाले दोन दोन दिवस लावतात. त्या दोन वारी तुमी तुमचा धंदा करा. ड्रायव्हर तुमचा, माल तिथंच तयार. आमचं भाडं पाच वाराचं."

मला आठवतं, मी वहिनीकडे पाहत होतो आणि तिला मी आजवर काय समजत होतो याचा विचार करत होतो. सरकीच्या गाड्या मीही रोज पाहत होतो. स्टेशनावर जाताना त्यांच्यामागे अडकून शिव्याही दिल्या होत्या. पण त्या गाड्यांचा आणि आमच्या मोटारीचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काकाजींनी चहा मागवला. तेव्हा मी खाली बसलो.

पुढचं बोलणं दुपारपर्यंत चाललं. वहिनी एकेक गोष्ट विचारत होती, अगदी वांगी निवडावीत तशी. पंक्चर कोणाकडे? आमच्याकडे. इंजिनाचं काही निघालं तर? मालकाकडे. गाडी दुरुस्तीला पडली तर त्या दिवसांचं भाडं? यावर मुनीमजी अडले, पण काकाजी म्हणाले, "नाई लागणार." मृगानंतरचे महिने? काकाजींना गाडी वर्षभरासाठी द्यायची होती. वहिनी म्हणाली, पावसाळ्यात सोडा खपत नाही आणि आमच्या काळ्या मातीत गाडी रुतते, तुमच्याच पाट्यांचं नुकसान. ते पटलं. शेवटी महिन्याला नऊशे मैल आणि एकशे पासष्ट रुपये भाडं ठरलं. मी एकट्यानं केलेल्या सौद्यापेक्षा दहा रुपये कमी, आणि त्यात खड्डा कुठे नव्हता.

सगळं झाल्यावर मुनीमजींनी कोरा कागद पुढे ओढला. वहिनी म्हणाली, "आज नका लिहू. आधी एक बाजार करून पाहू. पेट्रोल आमचं."

मुनीमजींनी कपाळावर हात मारला. काकाजी मात्र पहिल्यांदा हसले.

त्या आठवड्यात ड्रायव्हर मोटार घेऊन आमच्याकडे आला. तो हिंगणीकडच्या जंगलपट्टीतला गोंड माणूस, चाळिशीचा, शांत. मोटार चालवायला शिकला होता तो एका लाकडाच्या ठेकेदाराकडे. आमच्याशी मराठी बोलायचा, मोटारीशी गोंडी. चढावर ती कण्हू लागली की तो तिला हळू आवाजात काहीतरी सांगायचा. काय सांगतोस, असं मी एकदा विचारलं तर लाजला. जेवायला वहिनीनं त्याला दादाच्या शेजारी पाट मांडला. शेजारच्या एका बाईंनी त्याबद्दल तिला काही विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी वहिनी म्हणत होती, "आमच्या घरचा माणूस आहे तो मिरगापर्यंत. कुठी बसवू मंग?"

पहिला बाजार केळझरचा केला. वीस खोकी हौद्यात रचली, बर्फाचं पोतं मध्ये. मी पुढे बसलो. नव्या मोटारीत बसून गावातून जाताना कोण कोण बघतं ते मी मोजत होतो. गाव संपलं, मोटारीनं वेग घेतला, आणि पहिल्याच मोरीच्या उंचवट्यावर मागून फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज झाला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. त्यानं आणखी थोड्या फुटल्या. आम्ही उतरून पाहिलं तर हौद्यातून गुलाबी पाणी ठिबकत होतं आणि काचेच्या गोळ्या इकडून तिकडे घरंगळत होत्या. एकोणीस बाटल्या गेल्या होत्या.

"नवे पाटे कडक राह्यते," ड्रायव्हर म्हणाला. "ओझं कमी पडलं का गाडी उडते."

मला रडू यायचं बाकी होतं. बैलगाडीत पाच-सहा फुटत, इथे एका मोरीवर एकोणीस. तो हौद्याच्या कडेवर हात ठेवून विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "मी पहिले कवेलू नेत होतो. कवेलूच्या खाली कुटार टाकत होतो. वीतभर."

जवळच्याच एका वावरात तुरीच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुश्याचा ढीग होता. मालक खळ्यावरच होता. त्याला दोन थंड बाटल्या दिल्या आणि आम्ही चार पोती कुटार भरून घेतलं. सगळी खोकी उतरवली, हौद्यात कुटार पसरलं, खोकी पुन्हा चढवली, मधल्या फटींतही कुटार कोंबलं. यात तास गेला. केळझरला उशिरा पोचलो, पण पोचल्यावर मी पोत्यात हात घातला तर बर्फ होता. हाताला बधिर करणारा, ढेकळाएवढा, खरा बर्फ. त्या दिवशी उरलेला सगळा माल दुपारीच संपला. आणि येताना एकही बाटली फुटली नाही, अर्थात त्या रिकाम्या होत्या.

कागदावर सही आमच्या घरी झाली. काकाजी स्वतः आले, मुनीमजींना घेऊन, पॅसेंजरनं. गाडी कुठे उभी राहणार ते त्यांना पाहायचं होतं. दादानं अंगणात बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर बांधून ठेवलं होतं. त्याखाली काकाजी फिरले, वर पाहिलं, ड्रायव्हरच्या बाजेवर बसून ती हलवून पाहिली. मग यंत्राच्या खोलीत गेले. दादानं त्यांच्यासाठी आल्याचा सोडा भरला. भरताना तो डोळ्यांवर तारेची जाळी लावायचा. काकाजी ते पाहत राहिले.

"डोळा याच्यातच गेला का?"

"हो."

"तरी हेच करता?"

"दुसरं काई येत नाई," दादा म्हणाला, आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

काकाजींनी ती हळूहळू सगळी प्यायली. मग मुनीमजींना म्हणाले, "लिहा. आन ते इंजिनाच्या दुरुस्तीचं साफ लिहा, आमच्याकडे म्हणून." दादानं सही केली. वहिनीनं सही झाल्यावर कागद माझ्या हातात दिला आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायला लावला. मुनीमजी बसले होते तरी. मी वाचला, या वेळी एकेक शब्द ऐकत.

तो उन्हाळा आमचा चांगला गेला. नागपूरचा व्यापारी सेलूच्या बाजारात येत राहिला, पण केळझर, हिंगणी, कांढळी या बाजारांत आमची मोटार त्याच्या आधी पोचायची, कारण ती रात्री आमच्या अंगणात असायची. उरलेल्या दोन वारी ड्रायव्हर सरकीची पोती भरून वर्ध्याला जायचा. कधी कधी काकाजी त्याच्याबरोबर निरोप पाठवायचे, आल्याच्या सोड्याच्या सहा बाटल्या पाठवा म्हणून. त्याचे पैसे ते न चुकता द्यायचे. वैशाखात एकदा इंजिन बंद पडलं, कांढळीच्या वाटेवर, टळटळीत उन्हात. दोन दिवस मोटार गॅरेजात होती. महिनाअखेर मुनीमजींनी दोन दिवसांचं भाडं आपणहून वजा केलं. मी त्यांना आठवण करायला तयारच होतो. पण ती वेळ आली नाही, आणि मला मनातून थोडी लाज वाटली.

मृग लागायला दोन दिवस असताना मोटार परत करायची होती. ड्रायव्हरनं आणि मी ती विहिरीच्या पाण्यानं धुतली. हौद्याच्या फटींतलं कुटार काडीनं काढलं. वहिनी म्हणाली, "मीही येते." सबंध उन्हाळ्यात ती त्या मोटारीत एकदाही बसली नव्हती. पुढे माणसं नसली की खोकी असायची, आणि तिला वेळही नसायचा. ती खिडकीजवळ बसली, पदर घट्ट धरून. सेलडोहच्या पुढे मोठा रस्ता लागला आणि ड्रायव्हरनं वेग वाढवला, तेव्हा ती म्हणाली, "बाप्पा! तुमी रोज असे बसत होते का?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "आन घरी येऊन थकलो थकलो म्हणत होते." ड्रायव्हर हसला. मग वर्धा येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली.

गॅरेजात मुनीमजींनी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या. हातानं चाचपून पाहिलं. मागच्या फळीवर खोक्यांनी पडलेला एक लांब ओरखडा त्यांना सापडला. "हे काय?" ते म्हणाले. मी काही बोलण्याआधी काकाजी म्हणाले, "हौद्यात माल ठेवला का ओरखडा पडते, मुनीमजी. नाई पडला तं मंग गाडी कशाले नेली?" विषय संपला.

चहा घेताना काकाजींनी वहिनीला विचारलं, पुढच्या होळीला येता का. ती म्हणाली, "भाऊजी येतीन."

मला वाटलं, ती सहज म्हणाली. पण पुढच्या वर्षी तिनं मला खरंच एकट्याला पाठवलं. जाताना काही सांगितलं नाही, काही बजावलं नाही. पेट्रोल महागलं होतं, काकाजींना दहा रुपये वाढवून हवे होते. मी पाच वाढवले आणि बदल्यात महिन्याला दोन पंक्चरं त्यांच्याकडे घातली. बोलणं दुपारपर्यंत चाललं. मुनीमजींनी लिहिलेला कागद मी तिथंच दोनदा वाचला आणि एके ठिकाणी नुसतं 'सिंदी' होतं त्याच्यापुढे त्यांच्याकडून 'रेल्वे' लिहून घेतलं.

ती मोटार आम्ही तीन उन्हाळे घेतली. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मला पोस्टात नोकरी लागली, आणि त्याच सुमारास ड्रायव्हरनं काकाजींकडून ती जुनी झालेली हिरवी मोटार हप्त्यानं विकत घेतली. आता ती त्याची होती. चौथ्या होळीला वहिनीला सौदा करायचा होता तो त्याच्याशी. मी सुट्टीवर घरी आलो होतो. दोघं अंगणात बसली होती, ती बाटल्या घासत, तो बाजेवर. बराच वेळ कोणी भावाचं बोलेना. मग वहिनी म्हणाली, "जेवण आमच्याकडेच ना?" तो म्हणाला, "नाईतं कुठी?" आणि तिनं दादाला हाक मारून सांगितलं की गाडीच्या छपराचं तट्टं बदलायला झालं आहे.